नव्या घराचे तडे

‘घर पाहावे बांधून’ असे आपले जाणते सांगून गेले. आज पुण्यात घर कोणी बांधीत नाही. ‘बुक’ करतात, हप्ते भरतात आणि एके दिवशी किल्ली घेतात. बांधण्याचा अनुभव येतो तो पुढच्या पावसाळ्यात! खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, न्हाणीघराच्या भिंतीला ओल धरते. मग घरातली मंडळी काय करतात? त्या जागी कॅलेंडर टांगतात.

माझा आक्षेप आहे तो या कॅलेंडरला.

धायरीच्या पुढे आमच्या इमारतीत २४ बिऱ्हाडे आहेत. ताबा घेऊन चार वर्षे झाली. बहुतेक घरांत तडा आहे आणि बहुतेकांनी तो झाकला आहे. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, “बोभाटा झाला तर भाव पडेल.” वास्तुशांतीला शंभर माणसे जेवून गेली, आता कोणत्या तोंडाने सांगायचे की भिंत फाटली?

माझे वडील गवंडी. त्यांना अक्षरे वाचता येत नाहीत, पण तडा वाचता येतो. गिलाव्यावर केसाएवढ्या भेगांचे जाळे दिसले तर माल फार कडक होता किंवा पाणी मारले नाही. बीम आणि भिंत मिळतात तिथे सरळ चीर असेल तर सांध्याला जाळी न लावता गिलावा केला. या भेगा दिसायला वाईट, पण घर पाडणाऱ्या नव्हेत. बीमला किंवा कॉलमला चीर गेली, तिरका तडा महिन्यागणिक रुंदावला, दार चौकटीत अडकू लागले, तर मामला निराळा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया त्या हिशेबाने घातला नसेल तर भिंती बोलू लागतात. तडा वाढतो आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवतात. पट्टी तडकली की समजावे, भिंत अजून हलते आहे. पुट्टी भरून रंग दिला की हे कळण्याची वाटच बंद!

आई पुष्कळ वर्षे साइटवर पाणी मारण्याच्या कामावर होती. काँक्रीट साध्या सिमेंटचे असेल तर निदान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटचे असेल तर १० दिवस ओले ठेवावे, असे सरकारी मानक सांगते. तिसऱ्या दिवशी टँकर बंद झाला की आईला पुढचे सारे कळे. पण बिगारी बाईला विचारतो कोण?

आता कायद्याचे. २०१६ च्या ‘रेरा’ कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. नाहीतर भरपाई द्यावी लागते. तोंडी सांगितलेले उद्या सिद्ध कसे करणार? म्हणून तारखेसह फोटो, लेखी अर्ज आणि त्याची पोच हवी. महारेराकडे तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये आहे. एकट्याला जड खरे, पण सर्वांनी मिळून एक तक्रार केली तर आम्हाला घरटी सव्वादोनशेही पडत नाहीत. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर मात्र नोंदणीचीच सक्ती नाही. गुंठ्या-दोन गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतींना या कायद्याचे छत्र नाही, आणि आपल्यापैकी कित्येक जण तिथूनच कॉलेजला येतात.

“आमचे घर, आमचा तडा, तुला काय?” असे मला एका काकांनी ऐकवले. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. त्यांच्यातल्या कोणाची त्या सोसायटीत सदनिका नव्हती! भिंत पडते तेव्हा खाली कोण आहे ते विचारून पडत नाही. काकांना मी हे सांगितले. ते गप्प झाले, सही मात्र अजून केलेली नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, म्हणून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. नऊ सह्या झाल्या आहेत. येत्या फेब्रुवारीत पाच वर्षे पुरी होतील. करारनामा इंग्रजीत आहे, ४२ पानांचा. प्राध्यापक मंडळींपैकी कोणी सवड काढून त्याचा अर्थ लावून दिला, तर उरलेल्या पंधरा दारांवर मला पुन्हा जाता येईल.