भूपृष्ठ आणि पायाचा खडक

जयपूरच्या आदर्शनगर या वस्तीच्या पूर्वेस गलत्याच्या टेकड्या आहेत. त्यांचा खडक क्वार्ट्झाइट जातीचा, अतिशय कठीण आहे. भोवतालचे मृदू खडक झिजून गेले आणि हा कण्यासारखा उभा राहिला. भूमीचे रूप आणि तिच्या पोटातील खडक यांचे नाते येथे डोळ्यांनाच दिसते. त्यामुळे सर्वत्र असेच असावे, असा समज सहज होतो. तोच समज महाराष्ट्रास लावला म्हणजे मात्र फसगत होते.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांनी झाकला आहे. पायाचा प्राचीन खडक या काळ्या पत्थराच्या जाड पांघरुणाखाली दडलेला आहे. सह्याद्रीचा कोंकणाकडील सरळ कडा पाहून, तेथे भूकवच तुटून पश्चिमेकडील भाग खाली खचला असावा, असा तर्क अनेकांनी केला. तर्क आकर्षक होता. परंतु केवळ पृष्ठभाग पाहून त्याची परीक्षा होणे शक्य नव्हते.

ही परीक्षा भूभौतिकी सर्वेक्षणाने सुरू होते. बेसाल्ट ग्रॅनाइटहून जड असल्यामुळे गुरुत्वाकर्षणात अल्पसा फरक पडतो. तो सूक्ष्म उपकरणाने मोजता येतो. कृत्रिम हादऱ्यांच्या लहरी निरनिराळ्या खडकांतून निरनिराळ्या वेगाने जातात. विजेच्या प्रवाहास होणारा रोधही खडकाप्रमाणे बदलतो. परंतु ही सारी अप्रत्यक्ष साक्ष होय. उथळ आणि लहान वस्तुमान व खोल आणि मोठे वस्तुमान ही दोन्ही गुरुत्वमापकावर जवळजवळ सारखीच नोंद उमटवू शकतात. विहिरीसाठी विद्युत् रोध मोजणाऱ्या शेतकऱ्यालाही हाच अनुभव येतो: पाण्याने भरलेला भेगाळ खडक कमी रोध दाखवितो, आणि चिकणमातीही कमीच दाखविते. नकाशावरील रेषेस खडक समजून खर्च करणाऱ्याचे कर्ज मात्र खरे असते.

म्हणून सर्वेक्षणाच्या अनुमानास छिद्रणाची जोड हवी. कोयनेचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे झालेल्या विनाशकारी भूकंपानंतर त्या परिसराचे दीर्घकाळ सर्वेक्षण झाले. आणि या शतकाच्या दुसऱ्या दशकात अनेक खोल छिद्रे घेण्यात आली. रासाटी येथे ९३३ मीटर बेसाल्ट भेदल्यावर थेट ग्रॅनाइट व पट्टिताश्म लागले. मध्ये गाळाच्या खडकाचा थर मिळाला नाही. २०१७ मध्ये गोठणे येथील छिद्र सुमारे ३ किलोमीटर खोलीपर्यंत नेण्यात आले.

या छिद्रांचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, पायाच्या खडकाचा माथा घाटमाथ्याखाली आणि कोंकणाखाली जवळजवळ एकाच पातळीवर, समुद्रसपाटीच्या सुमारे ३०० मीटर खाली आहे. वर शेकडो मीटरचा कडा आहे, खाली तेवढी पायरी नाही. कडा मुख्यतः झिजेमुळे मागे सरकत आला असावा, या मतास त्यामुळे बळ मिळते. तथापि हा निर्णय कोयना परिसरापुरता आहे. सबंध सह्याद्रीस तो लावणे म्हणजे पुन्हा पहिलीच चूक करणे होय.

पाया सपाट आहे म्हणून तो निष्क्रिय आहे, असेही नव्हे. कोयनेचे भूकंप प्रामुख्याने या लाव्हाखालच्या खडकातच उगम पावतात. वरून न दिसणाऱ्या भेगा वरच्या घरांचे भवितव्य ठरवितात. यास्तव धरणे, बोगदे व वसाहती यांची योजना आखताना मोजमाप, अनुमान आणि प्रत्यक्ष पडताळा हा क्रम सोडता कामा नये. अहवालातही मोजलेले कोणते आणि अनुमानिलेले कोणते, हे लोकांना कळेल अशा मराठीत स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. ज्यांची घरे त्या खडकावर उभी आहेत, त्यांचा तो हक्कच आहे.