रफ कट आधी त्यांना दाखवा

माहितीपटाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हटलं की घरचे विचारतात, चित्रण फोनवर होतं, संकलनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मग दोन वर्षं शिकायचं काय? प्रश्न रास्त आहे. पूर्वी संस्थेत शिरायचं ते कॅमेरा आणि संकलनाचं टेबल हाताशी यावं म्हणून. आता शिकण्याजोगं उरलंय ते त्याहून अवघड: ज्यांच्या आयुष्यावर आपण फिल्म करतो, त्यांच्याशी कसं वागायचं.

‘रायटिंग विथ फायर’ या माहितीपटाचं उदाहरण घ्या. दिल्लीच्या जामिया विद्यापीठात शिकलेल्या रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी ‘खबर लहरिया’ या वृत्तसंस्थेच्या दलित स्त्री पत्रकारांबरोबर काही वर्षं राहून तो केला. २०२२मध्ये त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. सोहळ्याच्या तोंडावर याच पत्रकारांच्या संस्थेनं जाहीर सांगितलं, की फिल्म प्रभावी आहे, पण आम्ही एकाच पक्षाच्या मागे लागलो आहोत असं तिच्यातून दिसतं आणि ते आमचं खरं चित्र नाही. दिग्दर्शकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण इतक्या कष्टानं केलेल्या कामातही ही फट राहू शकते, हे प्रत्येक वर्गात शिकवलं गेलं पाहिजे.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ याच कारणासाठी अभ्यासक्रमात हवा. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्या धक्क्यानं शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवलं. पटवर्धन त्यांना आधीपासून ओळखत होते. या घटनांवरची त्यांची फिल्म पुरी व्हायला चौदा वर्षं लागली आणि नंतर ती वस्त्यावस्त्यांतून दाखवली गेली.

विद्यार्थ्याला चौदा वर्षं कुठून मिळणार? त्याच्या हाती एक सत्र असतं. शूटच्या दिवशी संमतीपत्रावर सही घेतली की विषय संपतो. ही सही मला पुरेशी वाटत नाही, कारण सही करणाऱ्याला संकलनाच्या टेबलावर आपलं काय होणार याची कल्पनाच नसते. सत्ताधाऱ्यांची चौकशी करणाऱ्या फिल्मची गोष्ट निराळी. तिथे आधी दाखवणं म्हणजे फिल्म गमावणं. पण विडी कामगार, ऊसतोड मजूर, वस्तीतली बाई यांनी घराचं दार उघडून दिलं असेल, तर रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा मसुदा, पाहण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

संस्थांना माझी विनंती आहे: रफ कट त्या लोकांना दाखवण्याचा असा खेळ अभ्यासक्रमात सक्तीचा करा, त्याला गुण ठेवा आणि वस्तीपर्यंत जाण्यायेण्याचा खर्चही द्या.