खोबरेल तेलाचा ताळेबंद

आत वारल्यांचा तारपा-नाच बसवलेलं इपॉक्सी रेझिनचं पेपरवेट रानशेतच्या पावसाळी हवेत ओतलं, की कधी कधी वर साय धरतं. हार्डनर आणि दमट हवेचं हे संगनमत! त्यावर खोबरेल चोळणाऱ्यांचा मी जाहीर निषेध करतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत हा मार्चअखेरचा चकचकीत ताळेबंद. एप्रिलात धुकं पुन्हा हजर! अहो, आधी कोमट साबणपाण्याने धुवा. तरी गेलं नाही, तर ४०० ते २००० नंबरचा ओला वॉटर पेपर चढत्या क्रमाने फिरवा, मग रबिंग कंपाउंड. सुरुवातीला ते आणखी पांढरं पडेल. पडू द्या! खऱ्या ऑडिटात चेहरे पडतातच. आतले बुडबुडे आणि खोलवर गेलेला उन्हाचा पिवळेपणा बुडीत खात्यात लिहा. पण नाचणाऱ्या माणसांना तेलात बुडवू नका!