देणगी आणि मक्ता

सार्वजनिक संस्थेने कोणाची देणगी स्वीकारावी आणि कोणाची नाकारावी, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा देणाऱ्याच्या चारित्र्याचा प्रश्न म्हणून चर्चिला जातो. परंतु मद्य-उत्पादकांनी ना-नफा रंगमंदिरांना द्यावयाच्या देणग्यांवर अमेरिकेत जे निर्बंध आहेत, त्यांच्या मुळाशी नीतिअनीतीपेक्षा बाजाराच्या रचनेचा विचार अधिक आहे, आणि म्हणूनच ते आपणही नीट समजून घ्यावेत असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

पहिल्या महायुद्धापूर्वीच्या अमेरिकेत बिअरच्या मोठमोठ्या कारखान्यांचे मालक गुत्तेवाल्याच्या परवान्याची रक्कम भरीत, त्याला मेज-खुर्च्या, आरसे आणि पेले पुरवीत, पुष्कळदा जागाही आपल्याच नावे घेत, आणि या उपकाराच्या मोबदल्यात त्याने आपलाच माल विकावा, दुसऱ्या कोणाचा ठेवू नये, अशी कबुलात त्याच्याकडून करून घेत. नावापुरता मालक आणि व्यवहारात ताबेदार असा हा गुत्तेवाला कर्जाच्या हप्त्यांनी इतका जखडला जाई की, गिऱ्हाईक शुद्धीवर आहे की नाही हे न पाहता पेला भरीत राहण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नसे. या व्यवस्थेविषयीच्या जनक्षोभाने दारूबंदीच्या चळवळीला मोठे बळ दिले. १९२० मध्ये अमलात आलेली ती दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी घटनादुरुस्तीने उठली, तेव्हा अनेक राज्यांनी, आणि १९३५ च्या कायद्याने केंद्रानेही, जुना गुत्ता पुन्हा उभा राहू नये म्हणून उत्पादक, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता यांच्यामध्ये भिंत घातली. उत्पादकाने विक्रेत्याला रोख, वस्तू, कर्ज किंवा जाहिरातीचे भाडे, अशा कोणत्याही मूल्यवान रूपाने मिंधे करू नये, हे या बंदोबस्ताचे सार होय.

आता या भिंतीशी नाटकाचा आणि संगीताचा संबंध कोठे येतो, तो पाहावा. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या रंगमंदिरांत मध्यंतरात वाइन आणि बिअर मिळते, आणि ती विकण्यासाठी संस्थेला परवाना काढावा लागतो; वॉशिंग्टन राज्यात तर ना-नफा कलासंस्थांसाठी स्वतंत्र परवान्याचीच तरतूद आहे. परवाना हाती आला की कायद्याच्या लेखी ती संस्था मद्याची किरकोळ विक्रेती ठरते. ती व्हायोलिनवादकांना वेतन देते, शाळकरी मुलांना विनामूल्य नाटके दाखविते, तिचा नफा कोणाच्याही खिशात जात नाही, या गोष्टींनी तिचे विक्रेतेपण पुसले जात नाही. म्हणून कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातील एखाद्या सधन वाइन-उत्पादकाला आपल्या शहरातील वाद्यवृंदाला मोठी रक्कम द्यावीशी वाटली, तर तेलाच्या किंवा पोलादाच्या व्यापाऱ्याला जी वाट मोकळी असते, तिच्यावर त्याला आधी कायद्याचा सल्लागार गाठावा लागतो.

या अडचणीवर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जो तोडगा काढला, तो मला सर्वस्वी असमाधानकारक वाटतो. मूळ मनाई कायम ठेवून तिला एकेका जागेपुरते अपवाद जोडीत जाण्याची तेथे प्रथा पडली आहे. लॉस एंजेलिस किंवा ऑरेंज परगण्यातील १८,००० हून अधिक आसनांचे बंदिस्त प्रेक्षागार, सॅक्रामेंटो किंवा अल्मेडा परगण्यातील १०,००० हून अधिक आसनांचे क्रीडांगण, अशी वर्णने जाहिरातीविषयीच्या कलमांत वाचावयास मिळतात. इमारतीचे नाव उच्चारलेले नसते, पण तिला ओळखण्यास स्थानिक माणसाला क्षणाचाही विलंब लागू नये. विधिमंडळ स्वतःच बजावून ठेवते की, हे अपवाद त्यांच्या शब्दांपुरतेच मर्यादित राहिले पाहिजेत, अन्यथा मूळ निर्बंध पोकळ होईल. आणि २०१७ साली नवव्या मंडलाच्या संघीय अपील न्यायालयाने, उत्पादकांनी विक्रेत्यांच्या दुकानांतील जाहिरातीसाठी पैसे देण्यावरील मनाई वैध ठरवून, त्या निर्बंधामागचे प्रयोजन आजही जिवंत असल्याचे मान्य केले. असे असता, ज्याच्यापाशी विधिमंडळात वशिला आहे त्याच्या पदरात अपवाद पडावा, आणि ज्याच्यापाशी तीनशे खुर्च्यांचे सभागृह व दोन कारकून यांपलीकडे काही नाही त्याने मूळ मनाईखाली कुंठत राहावे, हा कोणत्या न्यायाचा प्रकार?

कायदा सर्वांना सारखा लागू व्हावा, एवढीच मागणी येथे पुरेशी आहे, आणि तसा सर्वसाधारण नियम लिहिणे अशक्य तर नाहीच, उलट त्याचा अर्धा मसुदा या अपवादांतच तयार आहे. त्यांत अशी अट आहे की, जाहिरात देणाऱ्याच्या मालाखेरीज इतरांचा मालही त्या जागी विक्रीस ठेवलाच पाहिजे. ही अट प्रत्येक ना-नफा रंगमंदिराला लावावी. देणगीचा आणि मालखरेदीचा परस्परांशी कसलाही संबंध नसावा. देणगीपत्र जसेच्या तसे अबकारी खात्याच्या दप्तरी दाखल होऊन कोणाही नागरिकाला पाहता यावे. आणि दात्याचे नाव इतर दात्यांच्या नामावलीत, त्यांच्याच आकाराच्या अक्षरांत यावे, त्याच्या मालाची मुद्रा मात्र भिंतीवर येऊ नये. एवढ्यावरही जो देण्यास तयार असेल, तो कलेचा आश्रयदाता. त्याला अडविण्यात कोणाचेच हित नाही. ज्याला एवढ्याने देणगीची गोडी उरत नाही, त्याला मक्ता हवा होता असे समजावे, आणि त्याच्याशी व्यापाऱ्याला लागू होणाऱ्या नियमांनीच वागावे.

नाट्यसंस्थांच्या चालकांचा यावर आक्षेप आहे आणि तो हलका नाही. तिकिटांच्या उत्पन्नावर वाद्यवृंद किंवा संगीतिका चालत नाही, हे जगभरचे सत्य आहे. २०२० सालच्या महामारीत पडदे महिनोन्महिने मिटून राहिले, आणि त्या काळात झालेली हानी कित्येक संस्थांना अद्याप भरून काढता आलेली नाही. अशा वेळी दात्याला अटी घालणे म्हणजे दारात आलेली लक्ष्मी परत पाठविणे होय, असे त्यांना वाटते. परंतु जी संस्था एका उत्पादकाच्या रकमेवर वर्षानुवर्षे विसंबून राहते, तिच्या मध्यंतरातील पेल्याची निवड आधी त्याच्या हाती जाते, आणि पुढे कार्यक्रमांची निवडही त्याच्या मर्जीबाहेर राहील याची हमी कोणी द्यावी? गुत्तेवाल्याचा इतिहास याहून वेगळा नव्हता.

महाराष्ट्रात हा प्रश्न निराळ्या वाटेने येतो. आपल्या नाट्यगृहांत मद्यविक्री नसल्यामुळे विक्रेतेपणाचा मुद्दा उद्भवत नाही. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाने मादक द्रव्यांच्या जाहिरातीलाही मज्जाव केलेला आहे. तथापि २०१३ च्या कंपनी अधिनियमान्वये मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात, कला आणि संस्कृती यांचे संरक्षण त्या कार्यांच्या यादीत आहे, आणि मद्याच्या कंपन्यांना या तरतुदीतून वगळलेले नाही. मालाच्या विक्रीला लाभ व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व सामाजिक कार्यात धरू नये, असा स्पष्ट नियम २०२१ साली झाला, ही समाधानाची गोष्ट होय; मात्र तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास प्रेक्षकाला आज सोपे साधन नाही. ‘एकच प्याला’ लिहिणाऱ्या गडकऱ्यांच्या नावाचे रंगायतन ठाण्यात नगरवासीयांच्या कराच्या पैशावर उभे आहे. त्याच्यासारखी सार्वजनिक नाट्यगृहे सांभाळणाऱ्या महानगरपालिकांनी, आणि त्यांत प्रयोग व महोत्सव भरविणाऱ्या संस्थांनीही, मद्य-उत्पादकाकडून एक रुपया घेण्यापूर्वी त्याच्या सर्व अटी आपल्या सूचनाफलकावर लावाव्यात, आणि ज्या कंपनीला हे मान्य नसेल तिचा धनादेश परत करावा.