दूरवर झोत टाकणारी विजेरी

गांवीं शेतवाडी असलेल्या कुटुंबांत जोरकस विजेरी घ्यावयाचें ठरलें, कीं तरुण मंडळी प्रथम 'ल्यूमेन किती?' हें विचारतात. ल्यूमेन म्हणजे दिव्यांतून बाहेर पडणारा एकंदर प्रकाश. तो अंगणभर पसरून गेला तर बांधापलीकडचें कांहींच दिसावयाचें नाहीं. दूरचें पाहावयाचें असेल त्यानें 'कँडेला' विचारावा. झोत एका दिशेस किती तीव्र आहे, तें त्यावरून कळतें. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत क्षीण होतो, हें शाळेंत सर्वांनींच घोकलेलें असतें. दुकानांत मात्र तें कोणास आठवत नाहीं! १०,००० कँडेलांची विजेरी २०० मीटरांची म्हणवते. ४०० मीटरांस दुप्पट नव्हे, चौपट म्हणजे ४०,००० कँडेला लागतात. शिवाय वेष्टनावरील हें अंतर पाव लक्स प्रकाश उरतो तेथपर्यंतचें. तो जवळजवळ पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच. जुन्नरकडे उसाच्या कडेला बसलेला बिबट्या कीं कुत्रा, हें तेवढ्यावर ओळखवत नाहीं. छापलेल्या अंतराचें फार तर निम्में खरें धरावें.

परावर्तक रुंद व खोल आणि आंतील दीपबिंदु लहान असला म्हणजे झोत लांब जातो. खिशांत मावणाऱ्या विजेरीकडून ती अपेक्षा करूं नये. मात्र अशा अरुंद झोतांतून पायांजवळचें फुरसें निसटतें. त्याकरितां पसरट उजेडाची दुसरी, स्वस्त विजेरी ओटीवर टांगलेली असावी. पहिली मुलांच्या हातीं न लागेल अशी उंच ठेवावी. तिचा झोत जवळून डोळ्यांवर घेणें धोक्याचें आहे.