खोडलेलं घड्याळ

एका संग्रहालयाने मोहॉक या उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजातल्या छायाचित्रकाराला काही महिने निवासी कलावंत म्हणून बोलावलं आहे आणि तिथल्याच संग्रहातून एक प्रदर्शन मांडायची जबाबदारी दिली आहे. या आठवड्यात ही बातमी वाचून आनंद झाला आणि शेवटाकडे येईपर्यंत तो ओसरला. निवेदनात मुक्कामाच्या तारखा आहेत, प्रदर्शनाच्या आहेत. संग्रहालयाच्या नोंदवहीबद्दल, म्हणजे पाहुण्याने केलेले बदल तिथे कायम राहणार का याबद्दल, मात्र अवाक्षर नाही. नोंदवहीवर मी इथे पूर्वीही लिहिलं आहे आणि ती बदलेपर्यंत लिहीत राहणार.

असा पाहुणा का हवा हे समजायला अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड कर्टिसचं ‘इन अ पीगन लॉज’ हे छायाचित्र आठवा. १९१० च्या सुमारास घेतलेलं. तंबूत पीगन जमातीचा लिटल प्लूम आणि त्याचा मुलगा यलो किडनी बसले आहेत आणि दोघांच्या मधे चक्क एक घड्याळ आहे. मूळ निगेटिव्हमध्ये ते स्वच्छ दिसतं. ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’च्या २० खंडांसाठी छापताना कर्टिसने ते खोडून टाकलं. या कामाला जे. पी. मॉर्गनने १९०६ मध्ये ७५ हजार डॉलर कबूल केले होते. नाहीशा होत चाललेल्या लोकांचं चित्र हवं होतं, त्यांच्या घरात घड्याळ चालणार नव्हतं. कर्टिसने मोहॉकांची छायाचित्रं या खंडांत घेतली नाहीत, त्याचा मुलूख मिसिसिपीच्या पलीकडचा. पण त्याने रुजवलेला चेहरा सगळ्याच मूलनिवासींच्या माथी बसला.

आता त्याशेजारी शेली नायरोचं १९९१ चं काम ठेवा. नायरो मोहॉक, ग्रँड नदीकाठच्या सिक्स नेशन्समध्ये वाढलेली. आदल्या उन्हाळ्यात कॅनडातल्या ओका इथे मोहॉकांच्या दफनभूमीलगतच्या पाइनवनात गोल्फचं मैदान वाढवायचं घाटत होतं. ७८ दिवस संघर्ष चालला, लष्कर आलं, आणि वर्तमानपत्रांतून जगाला मोहॉक दिसला तो तोंडाला फडकं बांधलेला. नायरोने तेव्हा आपल्या आईला हेअर ड्रायरखाली बसवलं. ओळीने तीन छायाचित्रं, हाताने रंगवलेली. आई हसते आहे, अगदी मनापासून. शीर्षक मात्र मानववंशशास्त्राच्या ग्रंथात शोभावं असं: ‘द इरोक्वॉय इज अ हायली डेव्हलप्ड मेट्रिआर्कल सोसायटी’. मोहॉक हे इरोक्वॉयांपैकीच. कर्टिसने यंत्र पुसलं. नायरोने ते आईच्या डोक्यावर ठेवलं आणि त्याखाली मातृसत्ताक समाज असं लिहिलं. मोहॉक छायाचित्रकार संग्रहालयाच्या कोठारात का हवा, याचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. ती नजर खोडलेली जागा ओळखते.

आणि काय दाखवू नये हेही तिला कळतं. १९८८ मध्ये कॅल्गरीच्या हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने ग्लेनबो संग्रहालयात ‘द स्पिरिट सिंग्ज’ हे प्रदर्शन भरलं. त्यात मोहॉकांचा एक पवित्र मुखवटा मांडला होता. तो काढा, म्हणून काहनावागेच्या मोहॉकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. तात्पुरता मनाईहुकूम मिळाला, मुखवटा उतरला. मग अर्ज फेटाळला गेला आणि मुखवटा परत काचेआड गेला. आज तोच निर्णय पाहुण्या क्युरेटरला एका टिपणाने घेता येतो, आणि ही मिळकत मी लहान मानत नाही.

पण ते टिपण प्रदर्शनाबरोबर उतरवलं जाणार असेल तर? माझा तर दाट संशय आहे की अनेक संग्रहालयांना पाहुणा आवडतो तो ठरल्या दिवशी निघून जातो म्हणूनच. त्याने बदललेली प्रत्येक पाटी त्याच्या नावानिशी नोंदवहीत चढली पाहिजे. ‘हे मांडू नये’ असं त्याने लिहिलं, तर ते पुढच्या संचालकावरही बंधनकारक हवं. पुढच्या रेसिडेन्सीची घोषणा करण्याआधी संग्रहालयांनी एवढं लेखी द्यावं.