ऑफिसात ओनरशिप, घरात ‘सांगायचंस ना!’

डेडलाइन, फॉलोअप, स्टेटस... ऑफिसातली ही भाषा आता स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली आहे. पण जी सवय घरी यायला हवी, ती नेमकी कुठे अडकते?

आठवड्याला 70 तास काम करा, असं नारायण मूर्ती 2023 मध्ये म्हणाले. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो आकडा 90 वर नेला. वर, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असंही विचारलं. मग मीम्सचा पाऊस पडला. डिसेंबर 2025 मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी ऑफिस सुटल्यावर कामाचे फोन-मेल न घेण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. 2018 मध्येही त्यांनी असंच विधेयक मांडलं होतं.

चर्चा सगळी तासांची झाली. पण ऑफिस घरात शिरतं ते सवयींमधूनही. हिंजवडी, खराडी, ऐरोलीत नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या घरात डोकावा. गणपतीची तयारी एक्सेल शीटवर, डोहाळजेवणाची टास्कलिस्ट फ्रिजवर आणि फॅमिली ग्रुपवर बाबांना ‘काइंडली अपडेट’!

आयडिया वाईट नाही

यात हसण्यासारखं आहे, पण चुकीचं काही नाही. सॉफ्टवेअरवाल्यांचा ‘अजाइल’ जाहीरनामा 2001 सालचा. अमेरिकन लेखक ब्रूस फायलर यांनी तीच पद्धत कुटुंबाला लावून पाहिली. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे. या आठवड्यात काय छान झालं? काय बिनसलं? पुढच्या आठवड्यात काय सुधारायचं? पोरांनाही बोलायचा हक्क. आपल्याकडे ‘काय बिनसलं’ हा प्रश्न बहुतेक वेळा भांडणातच विचारला जातो. तो शांतपणे, ठरलेल्या वेळी विचारला गेला तर बरंच की!

घोडं अडतं कुठे?

ऑफिसात प्रत्येक कामाला एक ओनर असतो. काम दिसलं की उचलायचं, रिस्क आधी ओळखायची, कुणी सांगायची वाट बघायची नाही. अप्रेझलमध्ये याचेच मार्क मिळतात. तोच मुलगा घरी आला की ज्युनिअर होतो. ‘अगं, सांगायचंस ना, केलं असतं!’

2017 मध्ये एमा या फ्रेंच व्यंगचित्रकर्तीने नेमकं यावरच बोट ठेवलं. नवरा ‘मदत’ करायला तयार असतो, पण काम सांगायचं बायकोने. म्हणजे ती घराची मॅनेजर ठरते आणि वर बरीच कामंही तीच करते.

साधं गॅस सिलिंडर घ्या. संपत आलाय हे लक्षात ठेवणं, बुक करणं, तो येईल तेव्हा घरी कोण असेल हे बघणं, ओटीपी देणं. शेवटी उचलून जोडायचं काम नवरा करतो आणि ‘गॅस मी बघतो’ असं सांगतो. डोक्यातली कामं कुठल्याच बोर्डावर येत नाहीत.

जी कामं मोजता येतात, त्यांचे आकडे बघा. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात, तर पुरुष 88 मिनिटं. यात हे ‘लक्षात ठेवणं’ वेगळं धरलेलंच नाही. त्यामुळे वर्क-लाइफ बॅलन्सचा प्रश्न दोघांना सारखा पडत नाही. एकाचा लॅपटॉप बंद झाला की काम संपतं, दुसरीचं दुसरं सुरू होतं.

घड्याळ कुणाचं?

त्यात क्लायंट अमेरिकेचा. न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की साडेनऊ. म्हणजे जेवण, पोरांची झोप आणि कॉल एकाच वेळी. हा कॉल कॅलेंडरवर लाल रंगात असतो. आईला फोन करणं, मुलीला गोष्ट सांगणं मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. जे लिहिलेलं नसतं, तेच आधी कापलं जातं.

मग करायचं काय?

* यादीतल्या कामांपेक्षा अख्खे विषय वाटून घ्या. ‘शाळा’ तुझ्याकडे म्हणजे डबा, मीटिंग, फी, आजारपणाची सुट्टी, सगळं आठवण न करता.
* ज्याच्याकडे विषय, त्याची पद्धत. भाजी जाड चिरली म्हणून रिव्ह्यू कमेंट द्यायची नाही.
* घरच्या वेळाही कॅलेंडरवर टाका आणि कॉल आला तरी त्या हलवू नका. जमणार नसेल तर दुसरी वेळ तिथल्या तिथे ठरवा.
* स्टेटस मागणं, डेडलाइन देणं, ‘मुद्द्यावर ये’ म्हणणं मात्र ऑफिसातच ठेवा. आजीच्या गप्पांना अजेंडा नसतो. त्या अर्धा तास लांबल्या तर प्रोजेक्ट लेट होत नाही.

शीट कुठलीही वापरा, ॲप कुठलंही घ्या. फक्त या रविवारी एक बघा. तुमच्या घरातली यादी लिहिते कोण? दर वेळी एकच नाव येत असेल, तर पहिला विषय तोच घ्या.